एक जूनची माणसं

आमच्या लालबागच्या चाळीत आकांक्षाला सगळे तंद्रीबाई म्हणतात, आणि ते नाव मीच पाडलंय. गॅलरीत कपडे वाळत घालताना तिचा हात दोरीवर थांबला की थांबलाच. दादरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सहा वर्षं लोकांचं रक्त तपासता तपासता ती संध्याकाळी संगणकावर प्रोग्राम लिहायला आपली आपण शिकली. मी विचारलं, कशासाठी गं एवढं? तर म्हणाली, "काकी, रक्तात तीनशे कोटी अक्षरं असतात. कुठली पणजी कुठल्या बंदरातून आली, तेही असेल त्यात. मला ते वाचायचंय." मला ओ की ठो कळलं नाही, पण ऐकत राहावंसं वाटलं.

परळच्या एका संस्थेत तशी जागा निघाली. अट तिशीच्या आतली, आणि हिची तिशी दोन महिन्यांवर. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. चाचणी घरूनच द्यायची होती. गिरणगावात रक्त दिलेल्या माणसांची एक यादी होती. नावं झाकलेली, आडनाव, मूळ गाव आणि जन्मतारीख तेवढी उघडी. चुकून दोनदा नोंदली गेलेली माणसं त्यातून काढायची होती. तिच्या प्रोग्रामने तिन्ही गोष्टी जुळणारी एक्केचाळीस माणसं गाळली. तिने यादी पाठवून दिली.

संध्याकाळी ती वडिलांचा ज्येष्ठ नागरिक कार्डाचा फॉर्म भरत होती. आनंदा म्हणजे तिचे वडील, जुने गिरणी कामगार. जन्मतारीख लिहिली एक जून.

"खरी कुठली, बाबा?"

"कोणाक ठावक? भाताच्या लावणीत झालंय म्हणान माझी आवस सांगायची. मास्तरांनी अख्ख्या वर्गाक एक जून दिली."

वर्ग एक, वाडी एक, आडनावही एकच. पोरगी पेन धरून बसली ती बसलीच. मग माझ्याकडे येऊन रडली. मी बजावलं, बाई, तोंड उघडू नकोस, नोकरी घे मुकाट्याने. मला अजून त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीत संस्थेच्या मीनाक्षी मॅडम म्हणाल्या, "यादी छान स्वच्छ केलीत."

"चुकलं माझं, मॅडम. ती एक्केचाळीस माणसं वेगळी आहेत. त्यांच्यासारखे माझे बाबा आहेत."

तिने एक जूनची गोष्ट सांगितली. मॅडमनी यादीचा कागद पुन्हा पुढ्यात ओढला. "तीन वर्षांपूर्वी आम्हीही त्यांना असंच गाळलं," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांची जनुकं वाचून झाली, अहवालही देऊन झाले."

नोकरी मिळाली. पहिल्याच दिवशी तिच्या हातात एक्केचाळीस फोन नंबर दिले. पहिला फोन शेवंतीबाईंना, राहणार काळाचौकी. आकांक्षाने संस्थेचं नाव सांगितलं, पुन्हा यायची विनंती केली.

"तेव्हा शेजारणीक रिपोट घेवक बोलावलात, माका नाय," म्हातारी म्हणाली. "माका वाटला, माझ्या रक्तात वाचण्यासारखा काय नसात."