होड्या घराबाहेर चालल्या म्हणे

मंडळी, आज सकाळी माझ्या फ्रेमच्या दुकानात एक काका-काकू बंदराचं जुनं तैलचित्र घेऊन आले. काकांच्या वडिलांनी पन्नासच्या दशकात काढलेलं. ब्रश नाही, सगळे रंग सुरीने थापलेले.

काकू म्हणाल्या, "कुणाला तरी देऊन टाका. वास्तुवाले म्हणतात, होड्या घराबाहेर निघाल्यात. लक्ष्मी जाते."

काका पुटपुटले, "बाबांची एवढीच खूण उरलीय." माझे कान तिखट.

मी चित्र दाराशी उजेडात धरलं. "काकू, निघाल्यात कुठे? हे जाड पांढरे फटकारे म्हणजे धक्क्याला बांधलेले दोर. माल उतरतोय."

काकूंनी चष्मा पुसून निरखलं. "अहो, मग हॉलमध्येच लावू. आणि त्या वास्तुवाल्यांना चहाला बोलवा. चष्मा घेऊन या म्हणावं."

तुमच्याकडचं कुठलं चित्र अशा सल्ल्यापायी माळ्यावर गेलंय?