आईच्या हनुवटीवरचे तीन ठिपके

लेसरवर माझं पोट चालतं. महाळुंग्याच्या एका कंपनीत मी गिअरवर नंबर कोरतो. तिथे धातूचा वरचा थर जळतो, बोट फिरवलं की आकडा हाताला लागतो. त्यामुळे आई गेल्यावर काचेच्या ठोकळ्यात तिचा फोटो कोरून घ्यायला भोसरीतल्या दुकानात गेलो, तेव्हा मला सगळं कळतंय अशा थाटात मशीनसमोर बसलो. पण हा प्रकारच वेगळा. किरण काचेतून बिनबोभाट आत जातो आणि जिथे एकवटतो तेवढ्याच जागी काच बारीकशी तडकते. एक पांढरा ठिपका उमटतो. असे असंख्य ठिपके पुढेमागे पडले की नाक, गाल, कपाळ उभं राहतं. वरून काच गुळगुळीतच.

कोरण्याआधी दुकानदाराने पडद्यावर चेहरा फिरवून दाखवला. आई जराशी माझ्याकडे वळली आणि मला रडूच आलं. मग लक्षात आलं, हनुवटीवरचं गोंदण नव्हतं.

दुकानदाराची चूक नव्हती. फोटो माझ्या लग्नातला. सासरची मंडळी शिकलेली, म्हणून अल्बममधलं आईचं गोंदण मीच फोटोवाल्याला पुसायला लावलं होतं. एवढा दीडशहाणा होतो मी. अल्बम बघून आईने हनुवटीवरून हात फिरवला, छान आलेत म्हणाली. त्यानंतर कोणी मोबाइल समोर धरला की ती पदर हनुवटीवर ओढायची. त्यामुळे दुसरा धड फोटोच नाही.

गोंदण नेमकं कुठे होतं, दुकानदाराने विचारलं. मला सांगता येईना. शेवटी चऱ्होलीहून वडिलांना घेऊन आलो. त्यांनी पडद्यावर जरा डावीकडे बोट टेकवलं.

"हितं. तीन हायेत. खालचा जरा फिका हाय."

काचेत काळा ठिपका पडत नाही, असं दुकानदार म्हणाला. गोंदण दाखवायचं तर तेवढ्या जागी किरण मारायचाच नाही, काच कोरी सोडायची. तशी त्याने सोडली.

ठोकळा आता वडिलांच्या उशाशी असतो. ते त्यावर अंगठा फिरवतात, हाताला काहीच लागत नाही. परवा मी शेजारी बसलो होतो, तेव्हा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ह्ये तिला दावायला पायजे हुतं."

मलाही तिला तेवढंच दाखवायचं होतं.