पुतळीवरची दोन माणसं

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात, पहाटे, आम्ही नवराबायको कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो. संगमनेरहून एसटीने येऊन माझी पाठ अवघडली होती आणि हिची पर्स वाटभर पदराखालून हलली नव्हती. पर्समध्ये तिच्या आईची पुतळ्यांची माळ होती. पुतळी म्हणजे सोन्याचं चपटं, लहान नाणं. एक पुतळी हरवलेली. तिची जोड मिळाल्याशिवाय मुलीच्या गळ्यात माळ घालायची नाही, असं हिने ठरवलं होतं आणि लग्न महिन्यावर आलं होतं.

अंबाबाईचं दर्शन घेऊन मिसळ खाल्ली. वरून कट (तिखट रस्सा) मागितला, ही चूक. नाकडोळे पुसतच आम्ही गुजरीत (सराफांच्या गल्लीत) शिरलो.

दोन दुकानांत लक्ष्मीचा छाप असलेल्याच पुतळ्या दाखवल्या. तिसऱ्यातले धिप्पाड सराफ दारातूनच ओरडले, "या पावणं! डोळं लाल दिसत्यात, मिसळ खाल्ली व्हय?"

हिने माळ पुढे ठेवली. "अशीच हवी. रामसीतेची."

त्यांनी भिंग लावलं. "वैनी, रामसीता न्हाईत ह्या. मूळ नाणं इटलीकडचं, व्हेनिसचं. ह्यो त्यांचा साधू आन् ह्यो गुडघं टेकलेला राजा. वरची अक्षरं हितं कुणाला वाचता येत न्हवती. दोन बाहुल्या दिसल्या, लोक म्हनाय लागली पुतळी."

हिचा चेहरा उतरला. "आईने दर पाडव्याला हळदकुंकू वाहिलं यांना. परक्यांच्या नाण्याला!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सगळी माळ मोडू या. लक्ष्मीच्याच करू."

"मोडायला कितीसा वेळ लागतोय? आदी आमच्या आज्जाचा ठसा तर बघा की."

त्यांनी कपाटातून पोलादी ठसा काढला आणि तांब्याच्या पत्र्यावर ठोकून दाखवला. मी भिंगातून पाहिलं. दोन्ही माणसं होती. "पण अक्षरं उलटी आलीत," मी म्हणालो.

"येनारच की! नाण्यावर दिसली तशीच कोरली म्हाताऱ्यानं. उमटली उलटी. गिऱ्हाइकालाबी वाचता येत न्हवतं, बोलनार कोन?"

मी मग माळेतली एकेक पुतळी तपासली. सगळ्यांवर अक्षरं उलटीच. ठशाच्या कडेचा टवका उडाला होता, त्याचा बारीक उंचवटाही प्रत्येकीवर होता. सराफांना दाखवला. त्यांनी लगेच शेजारच्या दुकानात हाक दिली, "आरं, आज्जाचा माल परत आलाय की!"

"म्हणजे बोटीतून नाही आल्या?" हिने विचारलं.

"कुठली बोट? ह्याच दुकानातल्या हाईत. तुमच्या आईचं म्हायेर आमचंच म्हना."

ही हसली. "मग करा एक. त्याच ठशातली."

संध्याकाळी नवी पुतळी माळेत ओवून घेतली. परतीच्या गाडीत मला वाटत राहिलं, नाव ठेवणाऱ्यांनी किती सरळ काम केलं. राजाचं नाव कळेना, देश कळेना. डोळ्यांना दिसलं तेच नाव ठेवलं, आणि ते टिकलं.

घरी मुलीने माळ गळ्यात धरून विचारलं, "आई, हे दोघं कोण गं?"

"कोल्हापूरचे पाहुणे," ही म्हणाली. "तुझ्याबरोबर सासरी येतायत. हळदकुंकू वाहा."