शेजारची खुर्ची

कुठलंही काम सुरू करायचं असलं की ती आधी शेजारची खुर्ची ओढून घ्यायची. स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्या कुणासाठी तरी. मग स्वतः बसायची, पदर खोचायची आणि म्हणायची, "बसा की काकू. एकटीनं होत न्हाय."

तुम्ही दोघांनी तिला पाहिलं आहे. मागच्या खेपेला परदेशातून इकडे आलात तेव्हा खालच्या मजल्यावरून शेंगाचटणीचा डबा घेऊन येणारी, जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून "आले, आले" म्हणणारी ती. धाकट्या, तू तिची नक्कल करायचास, आणि तिने ती पाहिली तेव्हा तुझं चुकलेलं दुरुस्तही करून दाखवलं होतं. आठवलं का?

थोरले, परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, सगळं वाचून झालंय, पण पहिलं वाक्यच येत नाहीये." विद्यापीठातला तुझा पहिला निबंध. मी नेहमीचं सांगितलं. आधी मुद्दे काढ, मग त्यांचा क्रम लाव, मग लिही. तू "हो आजी" म्हणालीस. तो "हो" मी ओळखते. तो मी या खालच्या शेजारणीच्या तोंडून ऐकलेला आहे. म्हणून हे लिहायला घेतलं. हल्ली डोळे लवकर दमतात, तेव्हा दोन-चार बैठकींत झालं तर झालं.

तिचं माहेर नातेपुत्याकडचं, शेतकरी घर. नवरा वीज कंपनीत. बी.ए. होताच लग्न झालं आणि पुढचं शिक्षण मुलगी मोठी होईपर्यंत थांबलं. मुलगी नोकरीला पुण्याला गेली, घर एकदम मोठं झालं, आणि हिने जाऊन एम.ए.ला नाव घातलं. समाजशास्त्र. पंचेचाळिशी उलटली होती. आमच्या जुळे सोलापुरातल्या या इमारतीत त्याची बरीच चर्चा झाली. नवरा जिन्यातूनच हाक मारायचा, "प्राध्यापकीणबाई, चहा मिळंल का, का तास हाय?"

"तास हाय. तुमीच करा, आन् मलाबी द्या."

आणि तो करायचा. माणूस वाईट नव्हता.

पहिल्याच सत्रात निबंध आला: आपल्या गावात काम कसं वाटून घेतात. तो नीट झाला नाही तर विषय गेला, आणि विषय गेला तर वर्ष. ती वह्या घेऊन माझ्याकडे आली. माझं सगळं आयुष्य कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात आणि दुसऱ्यांच्या निबंधांवर लाल पेन फिरवण्यात गेलेलं. मी पट्टी काढली, पेन्सिलीला टोक केलं, प्रस्तावना, मुद्दे, निष्कर्ष असे भाग पाडून दिले. ती मन लावून "हो काकू" म्हणाली. तासाभराने पाहिलं तर कागदावर फक्त समास आखलेला. फार सुंदर समास.

"बोलायला लावा, सांजपतोर बोलते," ती म्हणाली. "लिवायला बसलं की कोन तरी समोर उभं राहून परीक्षा घेतंय असं वाटतंय."

"मग समोर कुणी नाही असं समज."

"मग तर लईच अवघड. रिकाम्या रानात एकटीनं जायचं म्हंजे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा समास. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं, म्हणून ती आलीच नाही, आणि खरं सांगते, मला जरा सुटल्यासारखं झालं. शिकवण्याचाही थकवा असतो. तो निवृत्तीनंतर जातो असं म्हणतात, पण तसं काही होत नाही.

मग एके दिवशी दुपारी खालून हसण्याचा आवाज आला. बायकांचा, पोटभर. संध्याकाळी ती वर आली ती फुललेल्या चेहऱ्याने. "काकू, सावड लावली."

सावड म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. काढणीच्या दिवसांत एकट्या घराला रान आवरत नाही. मग चार घरं ठरवतात: आज सगळे माझ्या रानात, उद्या सगळे तुझ्या. कुणी मजुरी मागत नाही. फक्त पाळी चुकवायची नाही. ज्याच्या रानात आपण घाम गाळला तो आपल्या रानात येतोच. तिने हे आपल्या वर्गात लावलं. वर्गात तिच्यासारख्या उशिरा आलेल्या दोघी होत्या, एक बालवाडीत शिकवणारी आणि एक किराणा दुकान सांभाळणारी. चौथी मात्र तरुण मुलगी होती, अक्कलकोटच्याही पलीकडच्या खेड्यातली. घरात कानडी, शाळा मराठी, आणि बोलायची इतकं हळू की आपणच पुढे वाकावं. ती हिला अक्का म्हणायची.

चौघी हिच्या घरी जमायच्या. एका दुपारी सगळ्यांनी मिळून एकीचा निबंध, पुढच्या दुपारी दुसरीचा. पाळी वयाप्रमाणे. सगळ्यांत मोठी ही, म्हणून पहिला हिचा. ती मुलगी शेवटी.

"तिला मागं का ठेवलंस?" मी विचारलं होतं.

"ल्हान हाय की. तिला थांबता येतंय."

सगळ्यांत अवघड सुरुवात. ती चौघींनी मिळून केली आणि फार छान झाली. ती मुलगी कधी नव्हे ते बोलली होती म्हणे, आणि त्यातलं निम्मं तिचंच होतं. मग पुढच्या दुपारी बालवाडीच्या बाईंच्या निबंधालाही तीच सुरुवात घेतली. त्यापुढे दुकानवाल्या बाईंच्याही. पेरणीला गावात एकच तिफण असते आणि ती सगळ्यांच्या रानात फिरते. त्यात काही चूक आहे हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

तिघींनी निबंध देऊन टाकले, आणि मुलीची पाळी यायच्या आत चौघींना विद्यापीठातून बोलावणं आलं.

त्या दिवशी ही जिन्यातच बसली होती, चपला हातात घेऊन. मी खाली भाजीला निघाले होते. तिने सरकून मला जागा केली. मीही बसले. गुडघे नको म्हणत होते.

"कॉपी म्हनल्या मॅडम. तीन गावं, तीन बाया, आन् पैली पाच वाक्यं एकच."

"तू काय म्हणालीस?"

"म्हनलं, कॉपी कुनाची? आमचीच की. चौगींनी केलीया."

"मग?"

"त्या तरुन हायत, माझ्या पोरीच्या वयाच्या. म्हनल्या, ताई, मी वर तक्रार करत नाही. पण सोमवारपर्यंत प्रत्येकीनं आपापलं, एकटीनं लिहून आणा. नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही." तिने चपला खाली ठेवल्या. "आन् मग त्या पोरीला विचारलं, तुझा निबंध कुठंय? तर ती म्हनते, माझी पाळी यायची हाय. ऑफिसात बसलेली मानसं हसली की काकू. सगळी."

ती मुलगी त्याच दुपारी सामान बांधून गावी गेली होती.

"आता माझंबी बास," ती म्हणाली. "हे सुटलं तर सुटलंच. परत उंबऱ्याभाईर पाय टाकायला जीव ऱ्हायचा न्हाय माझ्यात."

मी तिला धीर दिला नाही. धीर द्यायलाही अंगात बळ लागतं, आणि ते त्या दिवशी माझ्यात नव्हतं. इतकंच म्हटलं, "उद्या वर ये. भाजी निवडायची आहे."

ती आली. कागद घेऊन आली, बहुधा मला वाईट वाटू नये म्हणून. सवयीने शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्याकडे बघत राहिली. आता तिथे कुणाला बसवायची परवानगी नव्हती. मी मेथीची जुडी घेतली आणि त्या खुर्चीत बसले.

"काकू, मॅडमनी एकटीनं म्हनलंय."

"मी कुठे काय सांगतेय? मी मेथी निवडतेय."

पुष्कळ वेळ काही झालं नाही. पंखा गरगरत होता, खाली कुणीतरी रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालत होतं. मी मुद्दे विचारले नाहीत, क्रम विचारला नाही. एकदाच तिने विचारलं, "ह्ये बरोबर हाय का?" आणि मी म्हटलं, "माझा चष्मा आत आहे." तो डोक्यावर होता. तिला दिसला असणार. ती हसली नाही, पण खाली वाकली आणि लिहू लागली.

जुडी संपली तेव्हा मी निवडलेली पानं पुन्हा चाळायला घेतली, उठायला नको म्हणून.

संध्याकाळी तिने पहिलं वाक्य वाचून दाखवलं. "आमच्याकडे ज्वारी एकट्याने काढत नाहीत, आणि हा निबंध मात्र मला एकटीने लिहावा लागला, म्हणून तो उशिरा सुरू झाला." एरवी मी अशा वाक्यावर लाल रेघ ओढली असती. निबंधात स्वतःची रडगाणी नकोत, हे मी कितीतरी वर्षं शिकवलं. तशीच बसून राहिले. पुढे तिने तीच सावड कशी चालते, कोण आधी, कोण शेवटी, शेवटच्याच्या रानापर्यंत कधीकधी पाऊस कसा आधी पोहोचतो, हे सगळं मांडलं होतं. मॅडमनी ते वाक्य ठेवलं. ती पास झाली. बाकी दोघीही झाल्या.

पेढे मात्र आले नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, "कशाचे पेढे? पोरीची पाळी ऱ्हायली की."

"अगं, ती स्वतः सोडून गेली."

"माझ्या रानात राबून गेली, काकू. सुरवात तिची हुती."

फोन लागत नव्हता, किंवा ती उचलत नव्हती. मग रविवारी सकाळी हिने एसटी धरली. नवरा जिन्यातून म्हणाला, "रविवारी विद्यापीठ बंद असतंय, प्राध्यापकीणबाई."

"माझं चालू हाय. वरन गरम करून घ्या."

पहिल्या रविवारी मुलीच्या आईने चहा दिला आणि कानडीत काहीतरी लांबलचक सांगितलं, त्याचा अर्थ "नको" असा होता एवढं हिला कळलं. मुलगी चुलीपुढून उठलीच नाही. ही तिच्याशेजारी बसली आणि भाकरी थापून आली. दुसऱ्या रविवारी तेच. मी म्हटलं, तू तिला लिहून दे आणि मोकळी हो. ती माझ्याकडे अशी पाहू लागली जणू मी काहीच शिकले नव्हते.

"लिवून देनार न्हाय. तीच चूक झाली पैल्यांदा. नुसती बसनार."

किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. येताना ती पिळून निघालेली असायची. एसटीची धूळ, ऊन, दोन्हीकडची घरं. जिन्याच्या वळणावरचं "आले, आले" हळूहळू लहान होत गेलं. एकदा माझ्या सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली, आणि मी तिला उठवलं नाही.

जूनमध्ये मुलगी परत आली, तो विषय पुन्हा द्यायला. माझ्याच टेबलाशी दोघी बसल्या. मुलगी लिहायची आणि ही माझी मेथी निवडायची, तीही वाईट निवडायची, देठं ठेवून. एकमेकींशी बोलत नसत. फक्त मधूनच मुलगी मान न उचलता म्हणायची, "अक्का?" आणि ही म्हणायची, "हाय." बस, इतकंच. तिला हवं होतं ते एवढंच असावं.

निबंध दिल्यावर दोघी वर आल्या. पेढे त्या दिवशी आले. सगळ्या इमारतीला.

हिचं एम.ए. झालं आणि नवऱ्याची बदली झाली, तिच्या माहेराकडेच. पुढे पीएच.डी. करायचं मनात होतं तिच्या. आता फोनवर त्याबद्दल विचारलं की "सासूबाई पडून हायत, बघू" म्हणते. मी पुन्हा विचारत नाही. खालचं घर एका तरुण जोडप्याने घेतलं आहे. चांगली आहेत. जिन्यात बोलत नाहीत.

मला वस्तू जागच्या जागी लागतात, हे तुम्हाला माहीत आहे. रोज संध्याकाळी खुर्च्या टेबलाखाली ढकलून ठेवते. ती ओढून घ्यायची ती शेजारची मात्र ढकलत नाही. कामवाली ढकलते, मी पुन्हा ओढते. ती समजते बाई म्हातारी झाली.

तेव्हा बाळ, मुद्दे आणि क्रम राहू देत. उद्या तुझ्याकडे सकाळ झाली की फोन लाव आणि टेबलावर उभा करून ठेव. मला काही विचारू नकोस, मीही काही सांगणार नाही. माझ्याकडे मेथीची मोठी जुडी आहे. मधेच वाटलं तर नुसतं "आजी?" म्हण.