रानातलं कॉलेज

शिक्षणामुळे माणसातलं जनावर शांत होतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तरीही आयुष्यात जेवढी मारामारी मी जवळून पाहिली, त्यातली बरीचशी शिक्षणसंस्थांच्या आवारातच पाहिली. आणि तिच्यातली सर्वांत मोठी, माझ्या भाचीनं विम्याचा अभ्यास कुठं करायचा, यावरून झाली.

मी एका विमा कंपनीच्या क्लेम खात्यात होतो. सकाळी डबा टेबलावर ठेवायचा आणि चेपलेल्या मोटारी, मोडलेले हात, ट्रकखाली गेलेल्या दुचाकी यांचे फोटो पाहायला घ्यायचे, हा आमचा रोजचा उद्योग. या कामाची कुणाला ओढ लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. भाचीला लागली. तिचे थोरले काका नगर रोडवर वाळूच्या डंपरखाली गेले, तेव्हा घरातल्या बायका ऊर बडवत होत्या आणि पुरुषमंडळी डंपरवाल्याला शोधून त्याचे पाय मोडायचं ठरवत होती. त्या गदारोळात काकांची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचली ती एकट्या तिनं.

"मामा, कुणाला कळू नये म्हणून मुद्दाम असं लिहितात का हो?" तिनं मला विचारलं.

"मुद्दाम नाही गं. लिहिणाऱ्यालाही कळत नाही."

बी.कॉम. झाल्यावर शिकायचा तर विमाच, हे तिनं तेव्हा ठरवलं.

माझी बहीण वाघोलीला दिलेली. तिच्या सासरच्या भावकीनं रस्त्यालगतची जमीन मिळून विकली आणि जिथं दाजी ज्वारी काढायचे, तिथं काचेचं मॅनेजमेंट कॉलेज उभं राहिलं. व्यवहारात तोंडी ठरलं होतं की जमीन देणाऱ्या प्रत्येक घराला कॉलेजात एक नोकरी आणि मुलांना फी माफ. नोकऱ्या मिळाल्या, पण सगळ्या गेटवरच्या. दाजींनी ती नोकरी घेतली नाही, कारण त्यांच्या लेखी जमीन विकली गेलीच नव्हती. ते त्या काचेच्या डोलाऱ्याला 'आपल्या रानातलं कॉलेज' म्हणत. तिथं विम्याचाही डिप्लोमा आहे, एवढं त्यांना कळलं आणि पोरीला न विचारता ते तिच्या मूळ गुणपत्रिका आणि दाखले तिथल्या ऑफिसात जमा करून आले.

कागद तर गेले होते. आता निदान शिकायला काय मिळणार ते पाहावं, म्हणून मी आणि भाची कॉलेजात गेलो. सुटातल्या डायरेक्टरांनी आम्हाला गार खोलीत बसवलं.

"विमा कोण शिकवतं?" मी विचारलं.

"आमची फॅकल्टी इंडस्ट्री-ओरिएंटेड आहे."

"म्हणजे विमा कंपनीत काम केलेलं कुणी?"

"सर, आम्ही लीडर्स घडवतो."

"क्लेमचा पेपर कुठल्या सेमिस्टरला आहे?" भाचीनं विचारलं. डायरेक्टरांनी माहितीपत्रक पुढून मागून पाहिलं. त्यात सिंगापूरच्या सहलीचं पान होतं, घोडेस्वारीचं होतं, क्लेमचं नव्हतं. फी माफ होती, पण फक्त शिकवण्याची. ब्लेझर, लॅपटॉप, सिंगापूर आणि व्यक्तिमत्त्व विकास यांचे पैसे वेगळे, आणि ते माफ झालेल्या फीपेक्षा जास्त. शिकवणं तेवढं फुकट होतं आणि ते त्याच दर्जाचं असणार, असा मला दाट संशय आला.

दुसरी जागा मी सुचवली. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या कॉलेजात संध्याकाळी विम्याचा डिप्लोमा चालायचा. तिसरा मजला, लिफ्ट नाही. शिकवायला जळालेल्या गोदामांत नुकसान मोजण्यात हयात घालवलेले एक निवृत्त सर्व्हेअर. त्यांनी भाचीला वर्गात बसू दिलं आणि मला विचारलं, "आपण कोण?"

"मी मामा."

"मामांसाठी बाहेर बाक आहे."

बाकावरून मला आतलं सगळं ऐकू येत होतं. सरांनी मुलांना एका जळक्या गोदामाचा फोटो दाखवला होता. त्यात एक प्रेतही होतं. "याचं तोंड कुणीकडे आहे?" त्यांनी विचारलं. मग भाचीचा आवाज आला, "आतल्या बाजूला. दाराकडे पाठ आहे."

"म्हणजे?"

"तो पळत नव्हता. एक तर काहीतरी वाचवत होता, नाहीतर आग लावत होता."

"त्याच्या घरच्यांना पैसे द्यायचे की नाही, ते या दोनातलं एक ठरल्यावर ठरेल. बसा."

ती बाहेर आली ती तिथंच शिकायचं ठरवून. वर्षाची फी वाघोलीच्या नुसत्या सिंगापूरपेक्षा कमी होती. अट एकच होती. शनिवारच्या आत मूळ कागद समोर ठेवायचे. "झेरॉक्सवर आम्ही चहाचे कप ठेवतो," सर म्हणाले.

मूळ कागद वाघोलीत अडकले होते. ते काढून आणायचे तर दाजींना सांगणं भाग होतं. दुपारी जेवायला बसल्यावर भाचीनं सांगितलं. दाजींनी पुढचं ताट लाथाडलं. आमटी भिंतीवर गेली.

"आपल्या रानातलं कॉलेज सोडून पेठंत जिनं चढायचं हायेत हिला! फुकाट मिळतंय ते टोचतंय व्हय?"

"फुकट नाहीये, आप्पा. हे बघा," म्हणत तिनं फीचा कागद पुढं केला, तर त्यांनी तिच्या कानशिलात अशी दिली की कानातलं तुटून लांब उडालं. बहीण उलथनं घेऊन मध्ये आली. "परत हात उचलला तर त्यो हात जाग्यावर ऱ्हायचा न्हाय!" दाजी थांबले. पोरगी रडली नाही. गालावर बोटं उमटलेली असताना तिनं कागदातली एकेक ओळ त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. ब्लेझरपाशी दाजींचा चेहरा बदलला. पोरीचं म्हणणं त्यांना पटलं होतं असं नाही. आपल्याशी लबाडी झाली, एवढं मात्र नीट पोचलं होतं.

"चला," ते उठून म्हणाले. "आत्ता चला. माझं रान हाय ते."

गेटवर त्यांचाच चुलतभाऊ निळ्या गणवेशात, गळ्यात शिट्टी अडकवून उभा होता.

"दादा, पास दाखवा."

"कसला पास?"

"व्हिजिटर पास. सायबाची आर्डर हाय."

"ह्या रानात कडंवर खेळवलाय तुला, भाड्या! मला पास मागतो?" दाजींनी त्याची शिट्टी दोरीसकट ओढून तोडली. त्यानं काठी दाजींच्या छातीला लावून रेटलं. दाजींनी गुद्दा मारला आणि त्याचा पुढचा दात तुटला. मग काठी बसली आणि दाजींची भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं. आणखी दोन वॉचमन धावले. तेही भावकीतलेच, त्यामुळे कुणाला कुठं मारायचं हे सगळ्यांना लहानपणापासून पाठ होतं. मी मध्ये पडून "अहो, आपण जरा..." एवढं म्हणालो आणि कुणाचं तरी कोपर माझ्या नाकावर बसलं. मारामारीत आदरार्थी बहुवचन फारसं उपयोगी पडत नाही.

एव्हाना फी बाजूला पडली होती. चुलतभाऊ रक्त थुंकत ओरडला, "आवो, तुमी आमचा बांध कोरलाय! बारा वर्सं कोरलाय!"

"कोण म्हणतो? बांध त्या बाभळीपासनं सरळ व्हता!"

"बाभळ कुठं व्हती? दावा! दावा की!"

दाजींनी त्याची कॉलर धरून त्याला ओढत पार्किंगमध्ये नेलं. नांगरानं कोरलेला तो बांध फरशीखाली गाडला गेला त्याला वर्षं लोटली होती, पण दोघे वाकून, एकमेकांचे गळे न सोडता, तो पायानं मोजत निघाले. मोजत मोजत ते डायरेक्टरांच्या मोटारीपाशी आले. बाभूळ मोटारीच्या खाली होती, यावर दोघांचं एकमत झालं.

तेवढ्यात डायरेक्टर खाली आले. "हे काय चाललंय?" ते ओरडले. "ही खाजगी मालमत्ता आहे!"

दोघांनी एकमेकांना सोडलं. पहिली काठी गणवेशातल्या चुलतभावाची होती. ती मोटारीच्या काचेवर बसली. दुसरी डायरेक्टरांच्या खांद्यावर. दाजींनी कुंडी उचलून दर्शनी भागाच्या काचेत घातली. डायरेक्टर एक बूट तिथंच टाकून आत पळाले.

भाची यातलं काहीच पाहत उभी राहिली नव्हती. गेटवरचे सगळे एकमेकांत गुंतलेत म्हटल्यावर ती सरळ ऑफिसात गेली होती. बाहेर आली तेव्हा फाइल तिच्या छातीशी होती.

"काय म्हणाले?" मी नाक दाबून विचारलं.

"आधी म्हणाले, मूळ कागद परत देत नाही. मग काच फुटली. मग म्हणाले, कुठं सही करायची ते दाखवतो."

तक्रार कुणीच दिली नाही. भावकीनं भावकीवर नाही आणि डायरेक्टरांनी प्रवेशाच्या मोसमात नाही. दाजी आणि चुलतभाऊ एकाच रिक्षातून टाके घालायला गेले. जाताना त्यांच्यात पुन्हा बाभळीवरून जुंपली.

शनिवारी सरांनी मूळ कागद उजेडात धरून पाहिले आणि भाचीला प्रवेश दिला. पहिल्या संध्याकाळी मी ऑफिसातून परस्पर तिथं गेलो; दाजी स्वतः तिला मोटारसायकलवरून सोडायला आले. भुवईवर पट्टी, अंगात लग्नातला सदरा. तिन्ही मजले ते न थांबता चढले. वर्गाच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाले, "सर, पोरीला घडवा. चुकली तर मारा."

"अहो, मारायला वेळ कुठाय?" सर म्हणाले. "पोर्शन मोठा आहे."

दार बंद झालं. दाजी माझ्याशेजारी बाकावर बसून पूर्ण तासभर आतलं ऐकत राहिले, कीर्तनाला बसावं तसे, ताठ. आत कुठल्यातरी बुडालेल्या जहाजाची चर्चा चालली होती आणि मध्येच पोरीचा आवाज आला की ते डोळे मिटत. तास संपल्यावर त्यांनी उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. मग आम्ही तिघं जिना उतरलो.

खाली मोटारसायकल नव्हती. त्या दिवशी तारीख विषम होती आणि दाजींनी गाडी सम तारखेच्या पार्किंगला लावली होती.