विजया तेल आणि तुंगार्लीचे बंगले

शनिवार-रविवारी शहरातले लोक सुट्टीला येतात त्या तुंगार्लीत मला सगळे ‘बंगलेवाल्या ताई’ म्हणतात, पण बंगले माझे नाहीत. मुंबईच्या एका गृहस्थांचे दोन बंगले मी सांभाळते. पाहुण्यांना ते भाड्याने देते, चादरी बदलून घेते, स्वयंपाकाची बाई ठरवते, गिझर बिघडला तर माणूस बोलावते. माझा नवरा नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात शिफ्टला जातो. मुलगी शिकायला बाहेर गेली, दिवसभर भिंतींकडे बघत बसायचा कंटाळा आला, म्हणून मी हे काम हौसेनं घेतलं. काही वर्षं ती हौस टिकलीसुद्धा. मग बुकिंग मोबाईलवरून यायला लागलं आणि माझा फोन माझा राहिला नाही.

फोन तीन बाजूंनी यायचे. पाहुण्यांचा फोन म्हणजे बर्फ संपला, वायफाय चालत नाही, बाथरूममध्ये पाल आहे, येऊन काढा. बंगल्यांसमोरच्या घरात एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात, त्यांचा फोन म्हणजे, “ताई, तुमच्या पाहुण्यांच्या गाण्यानं माझ्या कपाटातल्या बरण्या वाजतायत.” आणि शेवटी मालकांचा. ते कधी रागावत नसत. “ताई, थोडं अ‍ॅडजस्ट करून घ्या,” एवढंच म्हणत. मी अ‍ॅडजस्ट करत गेले. स्कूटर काढून जायची, नाचणाऱ्या पोरांपुढे हात जोडायची, आवाज जरा कमी व्हायचा. मी घरी पोचेपर्यंत पुन्हा पहिल्यासारखा.

झोप कधी गेली ते नेमकं सांगता येणार नाही. आधी शनिवारची गेली, मग रविवारची, आणि मग पाहुणे नसलेल्या मंगळवारीही मी छताकडे बघत पडलेली असायची. फोन वाजत नसताना मला वाजल्यासारखा ऐकू यायचा. पुतणीच्या हळदीला सगळ्या बायका गाणी म्हणत होत्या आणि मी पिशवीतून पुन्हा पुन्हा फोन काढून बघत होते. कुकरची शिट्टी झाली की छातीत धस्स व्हायचं. नवऱ्याशी मी साध्या गोष्टींवरून भांडायला लागले. तो कामावरून दमून यायचा, मी त्याला भाजीत मीठ जास्त का म्हणालास म्हणून तासभर बोलत राहायची.

एक दिवस तलावाकडच्या उतारावर स्कूटर चालवताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पडले नाही, पण गाडी कडेला लावून दगडावर बसले आणि वाटलं, हे हृदयाचंच. दवाखान्यात कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, “सगळं नॉर्मल आहे. ताण कमी करा.” ताण कमी कसा करायचा, ते विचारायचं मला त्या वेळी सुचलं नाही.

तळेगावला माझी एक शाळेपासूनची मैत्रीण आयुर्वेदाची डॉक्टर आहे. तिच्याकडे मी गेले ती खरं तर रडायला. तिनं रडू दिलं. मग खुर्ची पुढे ओढून ती एकेक विचारत बसली. किती चहा पितेस, जेवतेस केव्हा, कुठल्या गोळ्या चालू आहेत, उशाशी फोन असतो का. फोन उशाखालीच असतो म्हटल्यावर तिनं ते कागदावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

“तुला विजया तेल देऊन बघू,” ती शेवटी म्हणाली.

“विजया म्हणजे?”

“भांगेचं झाड गं. त्याच्या पानांचा अर्क. सीबीडी म्हणतात ना हल्ली, तेच यात मुख्य. नशा करणारा भाग नावापुरता. परवाना असलेली कंपनी बनवते, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं. चोरून घ्यायची वस्तू नाही.”

मला हसू आलं, कारण मागच्याच आठवड्यात एका पाहुण्यानं मला गेटपाशी बाजूला घेऊन विचारलं होतं, “ताई, इकडे माल कुठे मिळेल?” मी त्याला चांगली झापली होती.

मैत्रिणीनं माझ्या बीपीच्या गोळीबद्दल माझ्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं. मग बजावलं: जिभेखाली अगदी थोडे थेंब, तेही झोपायच्या आधी. ते घेतल्यावर स्कूटरला हात लावायचा नाही. तोंडाला कोरड पडेल, पाणी पी. चार दिवसांत चमत्कार होणार नाही, आणि हे जन्मभर घ्यायचं नाही. मी उठले तेव्हा ती म्हणाली, “हे बघ, तेलानं झोप येईल. फोन मात्र तुलाच बंद करावा लागेल.”

घरी त्या वेळी सासूबाई होत्या. त्यांचं घर वराळ्याला. आजूबाजूला इमारती उठल्यापासून त्यांना तिथे करमत नाही, म्हणून मधूनमधून आमच्याकडे येऊन राहतात. त्यांच्यापासून लपवायचं नाही असं मी ठरवलं होतं. जेवणं झाल्यावर बाटली समोर ठेवली आणि सांगून टाकलं.

त्यांनी बाटली उजेडात धरून बघितली. “भांग व्हय?”

“भांगेच्या पानांचं औषध आहे, आई. झोपेसाठी.”

“आमच्या गावात शिवरात्रीला गडी मानसं घ्यायची. एकजण तर गोठ्यात जाऊन म्हशीसंगं हसत बसलावता.” त्यांनी बाटली माझ्याकडे सरकवली. “घे. डाक्टरनं दिलंय तर घे. पर मी हितंच बसते.”

आणि खरंच बसल्या. मी थेंब जिभेखाली धरले. चव ओल्या गवतासारखी, मागे जरा कडसर. नवरा दारात उभा राहून बघत होता. सासूबाई माझ्या तोंडाकडे टक लावून होत्या, मी कधी हसते त्याची वाट बघत. मला हसू येईना. शेवटी त्याच हसल्या, मग नवरा हसला, आणि मग मीही. पण ते तेलामुळे नव्हतं. आम्ही तिघं एकत्र कधी हसलो होतो ते मला आठवेना.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. तोंड कोरडं पडायचं, बस. मी मैत्रिणीला फोन करून म्हटलं, “वाया गेलं तुझं औषध.” ती म्हणाली, “धीर धर. चहा किती झाला आज?” मी चहा कमी केला. जेवण लवकर करायला लागले. तिनं थेंब किंचित वाढवले.

मग एका सकाळी मी डोळे उघडले तर खिडकीतून ऊन थेट पांघरुणावर आलेलं. स्वयंपाकघरात कप वाजत होते. नवऱ्यानं चहा करून डबाही स्वतःच भरून घेतला होता. तो पाय न वाजवता चालत होता. मी उठून बसले आणि पहिल्यांदा लक्षात आलं की माझा जबडा दुखत नाहीये. रोज सकाळी तो दुखायचा, आणि तो दुखतो हे मला तोवर माहीतच नव्हतं.

“झोपलीस गं तू,” नवरा म्हणाला. एवढंच. पण त्याचा आवाज असा होता, जसा मुलीचा निकाल लागल्यावर झाला होता.

सगळ्या रात्री तशा गेल्या नाहीत. कधी झोप यायची, कधी यायची नाही. पण न आलेल्या रात्रीची भीती गेली. आणि झोप मिळायला लागली तसं डोकं चालायला लागलं. मी नीट विचार केला आणि कळलं की पाल, बर्फ, वायफाय यांनी माझा जीव घेतलेला नव्हता. घेतला होता तो पार्ट्यांनी. साधी कुटुंबं आली की माझा शनिवार बरा जायचा. मग मी अ‍ॅडजस्ट कशासाठी करत होते?

मी मालकांना फोन केला. “साहेब, आजपासून बाहेरचा स्पीकर चालणार नाही. बुकिंग करतानाच सांगणार. आणि रात्री दहानंतर माझा फोन बंद. अडचण आली तर बंगल्यावर राखणदार असतो, त्याला मी सगळं समजावून ठेवलंय.”

“ताई, अशानं बुकिंग कमी होईल हो.”

“होऊ दे. दोन महिने बघा.”

“बघू,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

डिसेंबरात एका शनिवारी दुपारी परीक्षा झाली. मुलांचा एक गट येणार होता, नियम त्यांना लेखी कळवले होते. मी चादरी बघून बाहेर आले तर गेटपुढे टेम्पो. वरची ताडपत्री सोडली होती, आत माणसाच्या उंचीचे डीजेचे डबे. ड्रायव्हर म्हणाला, “ताई, गेट पूर्ण उघडा, लोड मोठा आहे.”

“गेट उघडणार नाही. स्पीकर आत जाणार नाही.”

“अहो, अ‍ॅडव्हान्स घेतलाय आम्ही.”

“तो ज्यांनी दिलाय त्यांच्याशी बोला.”

तोवर मुलं गाडीतून उतरली. त्यातला एक पुढे आला. “आंटी, एकच रात्र आहे. फ्रेंडचा बर्थडे आहे.”

“वाढदिवस करा की. केक आणा, गाणी म्हणा. हे डबे नाही.”

“आम्ही ओनरशी बोलतो,” म्हणत त्यानं मालकांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. मालकांचा ओळखीचा आवाज आला, “ताई, थोडं अ‍ॅडजस्ट करून घ्या ना.”

काही महिन्यांपूर्वी त्या शब्दांवर माझ्या छातीत हातोडा पडला असता, आणि मी गेट उघडलं असतं. मी वाट बघितली. हातोडा पडला नाही. श्वास आत आला, बाहेर गेला. मला माझाच आवाज ऐकू आला, अगदी भाजीवाल्याशी बोलावा तसा.

“साहेब, स्पीकर आत गेला तर संध्याकाळपर्यंत दोन्ही बंगल्यांच्या चाव्या राखणदाराकडे असतील. उद्यापासून तुम्ही दुसरं माणूस बघा. माझा राग नाही तुमच्यावर. पण हे मी करणार नाही.”

टेम्पोचं इंजिन तेवढं धडधडत होतं. मग मालक म्हणाले, “ठीक आहे. ताई म्हणतील तसं.”

बंगल्यांची गल्ली अरुंद. टेम्पो वळवायला जागा नाही. ड्रायव्हर मागे-पुढे करून घामाघूम झाला, तेव्हा समोरच्या मुख्याध्यापकांनी येऊन स्वतःचं फाटक सताड उघडलं. त्यांच्या अंगणात शिरून टेम्पो वळला आणि उताराला लागला. मुख्याध्यापकांनी फाटक लावलं, माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडले आणि आत गेले. मला पायरीवर बसून मोठ्यानं गावंसं वाटत होतं.

मुलं राहिली. थोडी धुसफुस झाली, मग त्यांनी लॉनवर शेकोटी केली. सकाळी मी गेले तर ज्याचा वाढदिवस होता तोच बाहेर आला आणि म्हणाला, “आंटी, पिठलं-भाकरी मिळेल का? आणि इथे किती शांत आहे हो.” मी बाईला सांगून चुलीवरच्या भाकऱ्या करून घेतल्या.

बुकिंग सुरुवातीला खरंच कमी झालं. मालकांचे दोन-तीन नाराज मेसेज आले. मग ज्यांना शांतता हवी ते लोक यायला लागले, आणि ते पुन्हा यायला लागले. एकतीस डिसेंबरला पुण्याच्या एका भिशीच्या बायका आल्या. त्यांनी हाउजी खेळली, गाजराचा हलवा केला, मलाही बोलावलं. त्या बारापर्यंत जाग्या होत्या असं म्हणतात. मला माहीत नाही, मी घरी येऊन गाढ झोपले होते.

मैत्रिणीनं हळूहळू थेंब कमी केले. हल्ली बाटली कपाटात असते. मोठ्या सुट्टीच्या आधी, तिला विचारून, कधीतरी काढते. सासूबाईंनी मात्र माझी कीर्ती वराळ्यात पसरवली आहे. मध्ये एका लग्नात त्या बायकांना सांगत होत्या, “आमची सून भांगेचं औषध घेती, पर शुद्धीवर लय हाय. टेम्पो माघारी धाडला तिनं.” बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मी पदर सावरून ताठ बसले.

या उन्हाळ्यात बंगल्यांच्याच गल्लीतल्या आणखी एका बंगल्याच्या मालकीणबाई घरी आल्या. म्हणाल्या, “माझाही बंगला तुम्ही घ्या. तुमचे नियम मला हवेत, म्हणूनच आले.” मी त्यांना चहा दिला, नियम एकेक करून सांगितले. त्या प्रत्येकाला मान हलवत गेल्या. दुसऱ्या दिवशी मी नव्या बंगल्याच्या खिडक्या उघडायला गेले. धूळ बरीच होती. नवऱ्याची सुट्टी होती, त्यानं शिडी धरली, मी पंखे पुसले, आणि दुपारपर्यंत सगळ्या खोल्या लखलखीत करून आम्ही लॉनवर डबा उघडून जेवायला बसलो.