पाटी ठेवायची जागा

अख्ख्या अलिबाग तालुक्यात माझ्यासारखा धनुर्धारी झाला नाही. माझ्याइतक्या वेळा मेलेला तर नाहीच नाही.

मोबाइलवरच्या गेममधलं सांगतोय. नाहीतर तुम्हाला वाटेल मी कुठं मेडल आणलं. शाळेनं मला सातवीत सोडलं, मी शाळेला त्याआधीच सोडलं होतं. तेव्हापासून अलिबाग ते थळ मिनिडोर, म्हणजे मोठी तीनचाकी रिक्षा, चालवतो. मिनिडोरचा धंदा म्हणजे अर्धा वेळ गाडी चालवायची आणि अर्धा वेळ सीटा भरायची वाट बघायची. त्या वाट बघण्यात हा गेम घुसला. चार जणांची टीम, कानात हेडफोन, रानात राक्षस. मी धनुष्य घेतलं, कारण चित्रात धनुष्यवाल्याचे केस चांगले होते.

आमच्या टीमची पुढारी एक बाई होती. नाव 'ढाल'. चेहरा कुणी बघितला नव्हता, फक्त आवाज. आवाज असा, की कानातला हेडफोन काढून खिशात ठेवला तरी खिशातून ऐकू यायचा. टीममध्ये बाकी दोघं. पेणचे एक मास्तर, ते औषधपाणी करायचे, म्हणजे कुणाला लागलं की लांबून मंत्र टाकून बरं करायचे. आणि किहीमच्या एका बंगल्याचा केअरटेकर दिनेश, तो जादूगार. दिनेश शेठच्या वायफायवर खेळायचा, त्यामुळं शेठ मुंबईहून आले की जादूगार गायब. बाईंना आम्ही घाबरून 'मॅडम' म्हणायचो. मला वाटायचं पोलिसातल्या असणार. त्यांचा आवाज आला की मी ड्रायव्हर सीटवर ताठ बसायचो.

मॅडमचं एक वाक्य ठरलेलं होतं. "मागं सर, मुडद्या!"

ते वाक्य फक्त मलाच असायचं. आता गेमचं गणित सांगतो. ढालवाल्यानं पुढं उभं राहून मार खायचा, धनुष्यवाल्यानं लांबून बाण मारायचे. धनुष्यवाल्याचा मार मोठा, पण जीव चिमणीएवढा. राक्षसानं नुसतं खाकरलं तरी तो मरतो. हे सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. मी बाण मारत मारत पुढं जायचो. का ते विचारू नका. मी स्टँडवर भांडण झालं तरी असाच पुढं जातो आणि असाच मार खातो.

एके दिवशी दुपारी अलिबागच्या स्टँडवर गाडी लावून बसलो होतो. मागं थळच्या मासळीवाल्या बायका, बाजार संपवून रिकाम्या पाट्या घेऊन बसलेल्या. अजून दोन सीटा व्हायच्या होत्या. मी म्हटलं, तेवढ्यात एक राक्षस उरकू. नेहमीसारखा पुढं गेलो. आणि "मागं सर, मुडद्या!" हे कानातनं आलं आणि मानेमागनंही आलं. दोन्ही एकदम.

वळून बघितलं. थळची मावशी, जी गेली आठ वर्षं माझ्या गाडीतनं येत-जात होती आणि भाडं देण्यापलीकडं कधी बोलली नव्हती, ती मांडीवर पाटी घेऊन बसलेली. हातात मोबाइल, आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावलेलं. मासळीच्या हाताचं पाणी जाऊ नये म्हणून. त्या पिशवीवरनंच तिचा अंगठा चालत होता. तिनं माझ्या हातातल्या मोबाइलकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"तो धनुष्यवाला तू हायेस?" मावशी म्हणाली.

मी म्हटलं, "व्हय मॅडम."

गाडीतल्या बाया इतक्या हसल्या की गाडी हलली. मावशी हसली नाही. "तरीच," म्हणाली. "गाडी पण तशीच चालवतोस."

मग तिनं मला जे सांगितलं ते मास्तरांच्या सगळ्या शिकवणीपेक्षा जास्त डोक्यात बसलं. मी रोज सकाळी तिला एकच सांगायचो, मावशी, पाटी मागं ठेव, सीटांना वास येतो. गाडीच्या पार शेवटच्या फळीवर तिची पाटी जायची. मावशी म्हणाली, "रोज मना सांगतोस पाटी मागं ठेव, पाटी मागं ठेव. आणि स्वतः राक्षसाच्या तोंडात जातोस. आजपासून मी म्हणजे ड्रायव्हरची सीट. माझी पाटी जिथं ठेवतोस ना, तिथं तू उभं राहायचं. पाटी कधी पुढं येते काय?"

"न्हाय."

"मग?"

त्या दिवसापासून मी गेममध्ये पाटी झालो.

तरी मरायचो. आता दुसऱ्या कारणानं. मिनिडोरवाल्याचा हात असा असतो, की रस्त्यात कुणी हात केला की ब्रेक आपोआप लागतो. गेममध्ये बाजूच्या झाडीत एखादं फालतू रानडुक्कर दिसलं, की माझा बाण सुटायचा. ते मागं लागायचं. पुढं अजून दोन कोल्हे, त्यांनाही एक-एक बाण. मोठ्या राक्षसापाशी पोचेपर्यंत माझ्यामागं सगळी वरात. मावशी ओरडायची, "ही काय मिनिडोर हाय? दिसंल त्याला बसवून आणतोस! उतरव आता त्यांना तूच!" ते कसे उतरवायचे मला ठाऊक नव्हतं. ते मला उतरवायचे.

तिसरी खोड सगळ्यात वाईट. मावशीनं ढाल आपटून राक्षसाला स्वतःकडं वळवायच्या आधीच मी बाण मारायचो. मग तो कशाला मावशीकडं बघेल? ज्यानं आधी खाजवलं त्याच्याकडं येणार. मावशीनं चार वेळा तोंडानं सांगितलं. पाचव्यांदा म्हणाली, "उद्या बाजारात ये. माझ्या मागं बस. बघ आणि गप ऱ्हा."

गेलो. मासळी बाजारात मावशी ओट्यावर पुढं बसायची आणि तिची जाऊ मागं, कोयता घेऊन. गिऱ्हाईक आलं की मावशी भिडायची. भाव, ताजेपणा, गिऱ्हाइकाच्या सासूची तब्येत, सगळ्यावर भांडण. गिऱ्हाईक पूर्ण मावशीत गुंतलेलं. आणि मागं जाऊ न बोलता खवलं काढतेय, पोट फाडतेय, तुकडे पाडतेय. भांडण संपेपर्यंत मासा पिशवीत.

मावशी माझ्याकडं न बघता म्हणाली, "जाऊ ओरडते काय?"

"न्हाय."

"तिच्याकडं कोण बघतं काय?"

"न्हाय."

"आणि मासा कोण कापतं?"

मला एवढं कळलं, एवढं कळलं, की आनंदात मी गप बसायचं विसरलो. समोर एक बाई पापलेटवर घासाघीस करत होत्या. तयारच झाल्या होत्या, पर्स उघडलेली. मी मागनं म्हटलं, "ताई, एवढं परवडत नसेल तर मांदेली घ्या की."

बाईंनी मावशीला सोडलं आणि माझ्यावर आल्या. "मला परवडत नाही? तू कोण रे? कुठून आलास?" पापलेट राहिलं, पर्स बंद झाली, आणि मी ओट्यामागं लपलो. मावशीनं शांतपणे पापलेटवर पाणी मारलं. "बघ," म्हणाली. "आला का न्हाय राक्षस तुझ्या अंगावर?"

त्यानंतर मी तिनं ढाल आपटल्याशिवाय बाण काढला नाही. मनात म्हणायचो, मी जाऊ आहे, मी जाऊ आहे. स्टँडवर एकदा तोंडातनं मोठ्यानं निघालं. अजून काही ड्रायव्हर मला वहिनी म्हणतात.

राहिलं एकच, मागं चालत बाण मारणं. राक्षस अंगावर आला तर धनुष्यवाल्यानं त्याच्याकडं तोंड ठेवून मागं मागं जायचं आणि मारत राहायचं. मी मागं जायचो ते थेट झाडावर. नाहीतर भिंतीवर. एकदा विहिरीत. माझा खऱ्या गाडीचा रिव्हर्सही असाच आहे, स्टँडच्या शेडचा वाकलेला खांब हे माझंच काम. मास्तर हेडफोनमधनं समजावायचे, "अरे, प्रथम परिसराचं अवलोकन कर." मला वाटायचं अवलोकन म्हणजे काहीतरी विकत घ्यायचं असतं. मावशी म्हणाली, "मागं बघून मग मागं सर." मग जमायला लागलं. सीटा भरायची वाट बघताना मी एकटाच रानात जाऊन कोंबड्यांपुढं मागं चालायचो. कोंबड्यांनी मला दोनदा मारलं, हेही सांगून टाकतो.

श्रावण संपता संपता मावशीनं गाडीतच सांगितलं. गुडघे गेले, ओट्यावर बसवत नाही. वसईला मुलीकडं चालली, कायमची. शनिवारी सकाळी रेवसहून मुंबईची लाँच.

मी म्हटलं, "मग काय, वसईला काय नेटवर्क नाय? तिथनं खेळ."

"तिथं दोन नातवंडं हायत," मावशी म्हणाली. "फोन माझ्या हातात ऱ्हायल काय?" तिनं मोबाइलच्या पिशवीवरचं रबर घट्ट केलं. "दोन वर्षं झाली त्या काळ्या अजगराला धडका मारते. शुक्रवारी तो पाडायचा. पाडल्याबिगर मी लाँचमध्ये बसून काय सुखानं जाणार न्हाय."

काळा अजगर म्हणजे शेवटच्या गुहेतला. आमच्या टीमकडनं तो कधीच पडला नव्हता आणि प्रत्येक वेळी पहिला मरणारा मीच होतो. मास्तरांनी नम्रपणे सुचवलं की त्यांचा मेहुणा चांगला तिरंदाज आहे, यावेळपुरता त्याला घ्यावं. खरं सांगायचं तर मीही मेहुण्यालाच घेतलं असतं.

मावशी म्हणाली, "पाटी हाय तीच ऱ्हायल. पण एक सांगते. तू पहिला मेलास, तर परत माझ्याशी बोलू नको."

शुक्रवारी दुपारी तीनला थळच्या वडाखाली गाडी लावली. मी पुढं, मावशी मागच्या सीटवर. मास्तर पेणमध्ये, दिनेश किहीमला. शेठ संध्याकाळी येणार होते, म्हणून घाई.

मावशीनं ढाल आपटली. मी थांबलो. अजगर तिच्याकडं वळला, मग मी पहिला बाण सोडला. बाजूला वटवाघळं होती, हात शिवशिवला, पण एकालाही बसवलं नाही. पाटीच्या जागी उभा. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला स्वतःचीच भीती वाटायला लागली.

आणि दिनेश ओरडला, "शेठ आले! लवकर आले! गेट उघडतो!" जादूगार गेला.

तिघं उरलो. मास्तर म्हणाले, "माझे मंत्र संपत आले." मग म्हणाले, "संपले." अजगराचा जीव थोडाच राहिला होता आणि मावशीचाही थोडाच. त्याचं शेपूट आलं आणि मावशी पडली.

आता गेममध्ये असं आहे, की पडलेल्या माणसाजवळ जाऊन बटण दाबून धरलं की तो उठतो. मी आजवर प्रत्येक वेळी धावलोय आणि प्रत्येक वेळी त्याच्या शेजारी मेलोय. माझा अंगठा निघालाच होता. रस्त्याकडेला कुणी हात केलाय आणि ती मावशी आहे, ब्रेक लागणार नाही तर काय? मागच्या सीटवरनं आवाज आला. ओरडून नाही, हळू. मावशी एवढं हळू बोलते हे मला पहिल्यांदा कळलं.

"थांबू नको."

मी मागं बघितलं. झाड नव्हतं. मागं सरलो. बाण. मागं सरलो. बाण. अजगर तिच्या अंगावरनं माझ्याकडं आला, मावशी पार लांब राहिली, बारीक दिसायला लागली. पुन्हा मागं बघितलं, खांब होता, बाजूनं निघालो. बाण. बाण.

आणि अजगर पडला.

मास्तर हेडफोनमध्ये रडत होते की हसत होते कळेना. मी वळून मागं बघितलं. मावशी मोबाइलची पिशवी पदरानं पुसत होती. पिशवी कोरडी होती. त्या दिवशी तिनं मासळी विकलीच नव्हती. तरी पुसत होती.

"माझ्यासाठी थांबला न्हाईस," ती म्हणाली.

"मावशी, तूच म्हणालीस..."

"तेच सांगते. पहिल्यांदा शहाण्यासारखा वागलास."

आता ती वसईला असते. कधीतरी दुपारी तिचं 'ढाल' नाव चमकतं, पण ढाल उलटी धरून गोल गोल नाचत असते. मग कळतं, नातू आहे. आमच्या टीममध्ये ढाल आता मास्तरांचा मेहुणा धरतो. चांगला आहे, पण शिव्या देत नाही, त्यामुळं मला नेमकं कुठं उभं राहायचं ते कधीकधी विसरायला होतं. मग मी मनात पाटी ठेवून बघतो.

तिला सोडायला गेलो ते सांगायचं राहिलं. शनिवारी सकाळी रेवसला. एक पिशवी, एक पत्र्याची पेटी, आणि रिकामी पाटी. पाटी कशाला नेतेस विचारलं तर म्हणाली, वसईला मासे काय झाडाला लागतात? त्या दिवशी पाटी मी पुढं माझ्या शेजारच्या सीटवर ठेवली. रस्त्यात चोंढीला चौघांनी हात केले, पुढं अजून तिघांनी. मी एकासाठीही थांबलो नाही.

"सीटा का सोडतोस?" मावशी मागनं म्हणाली.

"तूच शिकवलंस. हात दिसला की थांबायचं न्हाय."

"ते अजगराच्या टायमाला, मुडद्या! खाणार काय तू, बाण?"

धक्क्यावर लाँच लागली होती. मला दाखवायचं होतं आपण किती शिकलो ते. म्हणून गाडी रिव्हर्सनं जेटीपर्यंत नेली, मागं बघून, अगदी अवलोकन करून. शेवटी एकच खड्डा लागला. मोठा होता. आतनं पेटीचा आवाज आला आणि मावशीचाही.

ती उतरली. कमरेवर हात ठेवून जरा वेळ तशीच उभी राहिली. मी पेटी उतरवली, पाटी तिच्या हातात दिली. म्हटलं, "मावशी, मना काय येत नव्हतं. सगळं तुझ्याकडनं शिकलो."

मावशीनं माझ्या गाडीकडं बघितलं, मग खड्ड्याकडं, मग माझ्याकडं.

"बाण मारायला शिकलास," म्हणाली. "आता गाडी चालवायला शिक."